कुत्रा सारखा खाजवतोय? आधी कुठे खाजवतोय ते बघा

"खाजेवर कुठला शॅम्पू चांगला?" नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. शॅम्पू आम्ही विकतो, तरी आधी कारण शोधा असंच सांगतो. नाहीतर बाटली संपते आणि मुक्या जनावराचे हाल तसेच राहतात.

शेपटीच्या बुंध्याशी आणि कमरेवर चावत असेल, तर पहिला संशय पिसवांचा. पिसू दिसेलच असं नाही. दाट दातांची फणी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते, त्यांना दोन-चार चावेही पुरतात. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, कारण अंडी आणि अळ्या त्याच्या अंथरुणात, सोफ्याच्या फटीत असतात. खोळी गरम पाण्यात धुवा, कानेकोपरे झाडा, घरातल्या सगळ्या पाळीव प्राण्यांवर एकदमच उपचार करा. मात्र परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला अजिबात लावू नका, तिच्या जिवावर बेततं.

गोदाकाठच्या गवतातून किंवा मळ्यातून फिरून आलात की कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली गोचीड शोधा. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, पेटती काडी तर नकोच. कुत्र्याने खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या फिकट पडल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोचिडांमधून येणारा ताप थांबायला वेळ देत नाही.

कानाच्या कडा आणि कोपरांवरचे केस जाऊन खपल्या धरल्या असतील, तर खरूज असू शकते. तिचा एक प्रकार माणसांनाही खाज आणतो. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गाडीचं जळकं ऑइल चोपडण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. कृपा करून ते करू नका. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जातं.

पंजे सतत चाटणं, कान पुन्हा पुन्हा चिघळणं यामागे बहुधा ॲलर्जी असते: धूळ, परागकण, कधी खाणं. खाण्याचा संशय असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं एकच अन्न साधारण 8 आठवडे द्यावं लागतं. मधेच कुणी बिस्किट दिलं की मेहनत वाया.

पावसाळ्यात केस ओले राहिले की कुबट वास येतो, बुरशी वाढते. अंघोळीनंतर काखा आणि बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा. आपला साबण वापरू नका, त्याने कातडी कोरडी पडते.

आमच्याकडे अंघोळीला आणताना आधी लावलेल्या औषधांची वेष्टनं सोबत ठेवा. मानेवर सोडायचं औषध नुकतंच लावलं असेल तर तसं सांगा, म्हणजे अंघोळ पुढे ढकलता येईल. उघडी जखम दिसली तर आम्ही अंघोळ घालत नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवतो.