तान्ह्या बाळाचा लांबलेला ताप आणि हृदयाच्या धमन्या

“दात येताहेत, म्हणून अंग गरम आहे.” चार-पाच महिन्यांच्या बाळाचा ताप आठवडाभर हटत नसतानाही हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं, की आधी तेच खोडून काढतो. दात येताना बाळ किरकिर करतं, लाळ गाळतं, अंग जरासं कोमट लागतं. पण १०२-१०३ अंश फॅरनहाइटचा ताप दातांमुळे येत नाही. असा ताप पाच दिवस उलटूनही अँटिबायोटिकला दाद देत नसेल, तर ज्या आजारांची शंका घ्यायलाच हवी त्यांतला एक म्हणजे कावासाकी, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना दाह होण्याचा आजार.

तोमिसाकु कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६१ मध्ये टोकियोत चार वर्षांच्या एका मुलामध्ये हा आजार पहिल्यांदा पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. सुरुवातीला तो आपोआप बरा होणारा आजार वाटला. पण ताप उतरलेली काही मुलं अचानक दगावली, आणि शवविच्छेदनात त्यांच्या करोनरी धमन्यांत, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत, गुठळ्या सापडल्या.

मोठ्या मुलांत ओळखीच्या पाच खुणा असतात: चिपडं न येता लाल झालेले दोन्ही डोळे, लाल फुटलेले ओठ व स्ट्रॉबेरीसारखी जीभ, अंगावर पुरळ, सुजलेले हातपाय आणि मानेत गाठ. तापासोबत यांतल्या चार दिसल्या की निदान होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत मात्र यांतल्या दोनच दिसतील, एकच दिसेल, कधी एकही नाही. नुसता ताप आणि कडेवर घेतलं तरी न थांबणारं रडं. त्यातही एखादी खूण सकाळी दिसते आणि संध्याकाळी गेलेली असते, म्हणून दिसेल ते त्याच वेळी लिहून ठेवावं, फोटो काढावा. लघवीच्या तपासणीत पांढऱ्या पेशी सापडतात, जंतू मात्र वाढत नाहीत. तरी ‘लघवीचा संसर्ग’ म्हणून उपचार सुरू होतात. बीसीजीची लस दिलेल्या बाळाच्या दंडावर एक मोलाची खूण मिळू शकते: लशीचा जुना व्रण पुन्हा लाल होतो, सुजतो, क्वचित त्यावर खपली धरते. कपडे बदलताना तिथे नक्की बघा.

आता धमनीच्या भिंतीत काय घडतं ते पाहू. मला या आजारातलं सर्वांत विलक्षण तेच वाटतं. धमनीच्या आतल्या अस्तराला लागून इलॅस्टिन या प्रथिनाचा नागमोडी पापुद्रा असतो. प्रत्येक ठोक्याला तो ताणला जातो आणि मूळ जागी येतो. शरीर इलॅस्टिन बनवतं ते मुख्यतः गर्भात आणि बालपणात; पुढे जन्मभर जवळजवळ तोच साठा पुरवायचा. कावासाकीत पहिल्या दोन आठवड्यांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी भिंतीत घुसतात आणि इलॅस्टिन कापणारी विकरं सोडतात. पापुद्रा तुटला की भिंतीचा आवळ जातो आणि आतल्या दाबाने ती फुगते. इथे लाप्लासचा नियम लागू होतो: भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. त्रिज्या वाढली आणि भिंत पातळ झाली, की तोच रक्तदाब असूनही ताण वाढतो. म्हणजे फुगवटाच पुढच्या फुगवट्याला हातभार लावतो. त्या रुंद जागेत रक्त मंदावतं, आणि नेमक्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशीही, वाढतात. गुठळी व्हायला आणखी काय हवं?

बाळाच्या करोनरी धमनीची रुंदी दोनेक मिलिमीटर. जुन्या निकषानुसार पाच वर्षांच्या आत ३ मिलिमीटरपुढची धमनीच रुंद धरत. म्हणजे तान्ह्या बाळाची २.८ मिलिमीटरची, खरं तर फुगलेली धमनी ‘नॉर्मल’ ठरायची! म्हणून आता इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) धमनीची रुंदी बाळाच्या शरीराच्या आकारमानाशी ताडून झेड स्कोअर काढतात, म्हणजे तेवढ्याच बाळांच्या सरासरीपेक्षा ती किती वेगळी आहे ते सांगणारा आकडा. २.५ किंवा जास्त म्हणजे फुगवटा, १० किंवा जास्त म्हणजे महाकाय फुगवटा. इकोच्या अहवालात नुसते मिलिमीटर असतील तर झेड स्कोअर मागून घ्यावा.

उपचार न झाल्यास सुमारे २५ टक्के मुलांच्या धमन्यांवर परिणाम होतो. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं (वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, १० ते १२ तासांत) दिलं, तर हे प्रमाण चार-पाच टक्क्यांवर येतं. सोबत ॲस्पिरिन असतं, पण फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी कधीही नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ थेंब आणि चाटणं विकणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं: इथे बाळाचीच प्रतिकारशक्ती त्याच्या धमन्या कुरतडते आहे, ती आणखी वाढवून काय साधायचं?

२०१७ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शनात तान्ह्या बाळांसाठी वेगळी सूचना आहे. सात दिवस ताप आहे आणि कारण सापडत नाही, तर सीआरपी, ईएसआर या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करा. त्यांत दाह दिसला तर दुसरी एकही खूण नसताना इको करा. बोटांच्या टोकांची साल निघणं ही या आजाराची आणखी एक खूण, पण ती दिसते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोवर थांबलो, तर औषधाचे ते दहा दिवस बहुधा उलटून गेलेले असतात. आणि पहिला इको चांगला आला तरी पुढच्या एक-दोन आठवड्यांत आणि मग चार ते सहा आठवड्यांनी तो पुन्हा करायचा असतो, ताप केव्हाच उतरून बाळ खेळायला लागलेलं असलं तरीही.