उपवासकाळ (बेळगाव सीमाभाग)

ईस्टरच्या आधी कॅथलिक समाज पाळतो तो चाळीस दिवसांचा प्रायश्चित्ताचा काळ. राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून, तो सुरू होतो. कॅलेंडरवर मोजायला गेले तर ईस्टरपर्यंत ४६ दिवस भरतात, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. बेळगाव-खानापूरकडची कोकणी बोलणारी कुटुंबे त्याला ‘कोरेज्म’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजमधून आला. कन्नड भाविक ‘तपस्सु काल’ म्हणतात, मराठी बोलणारे उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ. राखेच्या बुधवारचे कन्नड नाव ‘विभूती बुधवार’. लिंगायत शेजारात ते कुणाला परके वाटत नसावे.

ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते. ती २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पडते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा तिचा नियम. बहुतेक वर्षी ही पौर्णिमा चैत्री असते, म्हणजे हनुमान जयंतीच्या मागोमाग ईस्टर. क्वचित ती फाल्गुनी निघते. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला आणि रंगपंचमी नेमकी आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी पडली. होळी आणि दहावीच्या परीक्षा याच दिवसांच्या आसपास येतात, आणि पॅरिशला, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळीला, कार्यक्रमांच्या वेळा ठरवताना त्यांचे भान ठेवावेच लागते.

बेळगाव धर्मप्रांत १९ सप्टेंबर १९५३ रोजी गोवा महाधर्मप्रांत आणि पुणे धर्मप्रांत यांचे भाग घेऊन स्थापन झाला. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते; १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेले. भाषावार सीमेपेक्षा धर्मप्रांत तीन वर्षांनी थोरला आहे. २०१४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव बेळगावी असले, तरी धर्मप्रांताच्या नावात बेळगावच आहे. कॅम्पातील फातिमा मातेचे कॅथेड्रल ही बिशपांची, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांची, गादी. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, धर्मप्रांतातले सगळे फादर बिशपांसोबत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करतात. तीत वर्षभर विधींना लागणारी तेले आशीर्वादित होतात आणि तिथून पॅरिशांत जातात.

उपवासाचे नियम ऐकायला वाटतात त्याहून सौम्य आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे, तेही १८ ते ५९ वयाच्यांना: एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे. मांसवर्ज्य चौदा वर्षांपासून पुढे लागू होते. मासळी मात्र चालते. गोवा-कारवारकडून येणारी मासळी जिथे रोजच्या ताटात असते, तिथे हा त्याग कितपत, असा प्रश्न शाकाहारी शेजारी विचारतात, आणि तो अगदीच गैरवाजवी नाही. म्हणून बरेचजण आपापले नेम धरतात: कुणी दारू सोडतो, कुणी चहा, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठीच्या दानपेटीत टाकतो. लग्ने शक्यतो पुढे ढकलतात.

चर्चमध्ये फादरांचा झगा जांभळा होतो, ‘आलेलूया’ म्हणणे थांबते. शुक्रवारी चौदा स्थानांची क्रुसाची वाट होते, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेची आठवण करत चौदा ठिकाणी प्रार्थना. पण खरी तयारी कुमसाराची, म्हणजे जाळीआड बसलेल्या फादरांसमोर करायच्या पापनिवेदनाची. वर्षातून एकदा तरी गंभीर पापे कबूल करावीत, हा चर्चचा नियम. पवित्र सप्ताहाच्या आधी शेजारच्या पॅरिशांतून फादर बोलावतात. गर्दी हे एक कारण. दुसरे असे की रोज भेटणाऱ्या फादरांसमोर तोंड उघडणे अनेकांना जड जाते. सीमाभागात तिसरेही कारण आहे, ते भाषेचे. पाट्यांवरून इथे भांडणे होतात, मोर्चे निघतात. कुमसाराला बसलेली म्हातारी मात्र एवढेच विचारते, ‘फादर, तुमका कोकणी कळटा मरे?’ घरात कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला आपली पापे यांपैकी कोणत्या भाषेत आठवतात, हे त्याचे त्यालाच माहीत. प्रार्थना मात्र लहानपणी ज्या भाषेत पाठ झाली, तीच ओठांवर येते. प्रवचन कितीही चांगले असो, मनाच्या नूतनीकरणाचा बराचसा भाग त्या जाळीआडच्या पाच मिनिटांत होतो.

पुढचा आठवडा भराभर सरतो. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक. उरलेल्या झावळ्या घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवतात आणि त्याच जाळून पुढल्या वर्षीची राख करतात. गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. २०१६ पासून त्यांत स्त्रियांनाही घेता येते. गुड फ्रायडेला जगात कुठेही मिस्सा होत नाही.

शनिवारी अंधार पडल्यावर चर्चबाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती लावतात. तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते आणि अंधारे चर्च उजळते. मग सगळे उभे राहून बाप्तिस्म्याची वचने पुन्हा देतात. ज्यांचे कुमसार तोवर राहिले, त्यांची वाट बंद होत नाही. वर्षातून एकदा तरी घ्यायचा ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) पुढे पन्नास दिवसांच्या पास्काकाळातही घेता येतो, आणि फादर ओळखीच्या उशीरकरांसाठी थांबतात.