कालची पुरणपोळी आणि आजचे युनिट

होळीच्या रात्री माझ्या काकांनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. झोपताना साखर २४० निघाली, म्हणून त्यांनी ग्लार्जिन या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचे १६ऐवजी २२ युनिट टोचून घेतले. पहाटे चारला काकू त्यांना हलवून उठवत होती. अंग घामानं भिजलेलं, साखर ५२. शुद्ध होती म्हणून साखरपाणी पाजता आलं.

काकांनी पुरणपोळीचा हिशोब ज्या इन्सुलिनकडून मागितला, त्याचा पुरणपोळीशी फारसा संबंधच नाही. आपण झोपलेले असतो, एकादशीला उपाशी असतो, तेव्हाही यकृत रक्तात थोडी थोडी साखर सोडत राहतं. दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन असतं ते या साखरेला आवर घालायला. म्हणूनच त्याचा डोस बरोबर आहे की नाही, हे सकाळची उपाशीपोटीची साखर सांगते.

ते इतका वेळ चालतं कसं, ही मला फार सुंदर वाटणारी गोष्ट आहे. ग्लार्जिन बनवताना माणसाच्या इन्सुलिनमधलं एक अमिनो आम्ल बदललं आणि एका साखळीच्या शेपटाला आर्जिनिनचे दोन रेणू जोडले. एवढ्यानं त्याची विद्राव्यता बदलली. बाटलीतल्या आम्ल द्रावणात, पीएच (आम्लतेचं माप) ४ला, ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. त्वचेखाली पीएच ७.४च्या आसपास गेलं की त्याचे सूक्ष्म कण साकळतात आणि सुमारे २४ तास हळूहळू विरघळत राहतात. दुसरं इन्सुलिन त्याच सिरिंजमध्ये मिसळायचं नाही, ते याच रसायनामुळे. डेग्लुडेक हे दुसरं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन तर त्वचेखाली रेणूंच्या लांब माळा गुंफतं. त्याचा परिणाम ४२ तासांहून जास्त टिकतो आणि डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला तीन-चार दिवस लागतात.

म्हणून डोस रोज बदलत नाहीत. टाइप २ मधुमेहात डॉक्टर बहुधा १० युनिटांपासून, किंवा वजनाच्या दर किलोला ०.१ ते ०.२ युनिट धरून सुरुवात करतात. मग उपाशीपोटीची साखर ठरलेल्या पट्ट्यात, बऱ्याच प्रौढांसाठी ८० ते १३०मध्ये, येईपर्यंत दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवायला सांगतात. कारण न कळता साखर ७०च्या खाली गेली, तर डोस १० ते २० टक्के कमी करतात. वृद्धांचं आणि मूत्रपिंड दुबळं असलेल्यांचं गणित निराळं असतं, ते डॉक्टरांनीच मांडावं.

वाढवण्यालाही हद्द आहे. डोस किलोमागे ०.५ युनिटाच्या वर गेला, किंवा झोपतानाची साखर सकाळपर्यंत रोज ५०हून जास्त उतरू लागली, तर रात्रीचं इन्सुलिन जेवणाचं ओझं वाहतंय असं समजावं. तेव्हा आणखी युनिट चढवण्याऐवजी जेवणानंतरच्या साखरेवर वेगळा उपाय डॉक्टरांना विचारावा. काका आता वहीत झोपतानाचा आणि सकाळचा, असे दोन्ही आकडे लिहितात.

पण इतक्या जपून ठरवलेले युनिट सिरिंजपाशी वाया जाऊ शकतात, आणि याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. आपल्याकडे बरीच इन्सुलिनं एका मिलीलिटरला ४० युनिटच्या बाटलीत मिळतात, ग्लार्जिन १००च्या. लाल टोपणाची सिरिंज ४०ची, केशरी टोपणाची १००ची. ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात १० नव्हे, २५ युनिट जातात. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय ना, हे औषधाच्या दुकानातच पाहून घ्या.