दोन पानी आराखड्यातून उभं राहिलेलं प्रशिक्षण

१८ जानेवारी २०११ पासून अमेरिकेत मूलभूत विज्ञानाला सरकारी पैसा पुरवणाऱ्या प्रमुख संस्थेकडे प्रस्ताव पाठवायचा, तर सोबत एक जादा कागद लागू लागला: डेटा व्यवस्थापनाचा आराखडा, म्हणजे संशोधनातला डेटा कसा ठेवणार, जपणार आणि इतरांना देणार याची योजना, जास्तीत जास्त दोन पानं. तो जोडला नसेल तर ऑनलाइन यंत्रणा प्रस्ताव आत घेतच नसे. नियमाची वर्दी २०१० च्या मे महिन्यात मिळाली होती, म्हणजे तयारीला जेमतेम आठ महिने. नियमात एक पळवाटही होती. ‘या प्रकल्पाला सविस्तर आराखड्याची गरज नाही’ असं लिहून त्याचं पटण्याजोगं कारण दिलं, तर तोही आराखडा म्हणून चालायचा.

तरी विद्यापीठांमध्ये धावपळ उडाली. ही दोन पानं लिहायला प्राध्यापकांना मदत कोणी करायची? संशोधन कार्यालयाला खर्चाचे रकाने भरता येत होते, संगणक विभागाला साठवणीची जागा किती लागेल ते सांगता येत होतं. पण फाइली कोणत्या स्वरूपात ठेवायच्या, सोबत काय नोंदवायचं, काही वर्षांनी परक्या माणसाला त्या कशा सापडणार, हे सगळं ऐकायला ग्रंथालयाचं काम वाटत होतं. ग्रंथपालांनाही तसं वाटलं. देवघेव ओसरत होती, संदर्भसेवेचे प्रश्न सर्च इंजिनाकडे गेले होते, आणि इथे एक नवं दार उघडं दिसत होतं. आज ग्रंथपालांसाठी डेटाविषयक जे प्रशिक्षण चालतं, त्याचा साचा या घाईत पडला आहे. तो समजला नाही तर आजच्या अभ्यासक्रमांमध्ये आराखड्याला एवढं मोठं आणि प्रत्यक्ष डेटाला एवढं छोटं स्थान का, हे कळत नाही.

(मराठीत डेटाला ‘विदा’ म्हणणारे आहेत, ‘आधारसामग्री’ म्हणणारेही आहेत. दोन्ही शब्द चांगले, पण प्रयोगशाळेत उभं राहून संशोधकाशी बोलताना ते तोंडात येत नाहीत. म्हणून इथे डेटाच.)

ग्रंथालयांना डेटा नवा नव्हता. १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात जागतिक डेटा केंद्रांची कल्पना उभी राहिली, पण ती शास्त्रज्ञांची शास्त्रज्ञांसाठी होती. ग्रंथालयांच्या जवळचा धागा सामाजिक शास्त्रांचा. १९६२ मध्ये अमेरिकेत मिशिगनला आणि १९६७ मध्ये इंग्लंडात एसेक्सला सर्वेक्षणांच्या डेटाची मोठी संग्रहालयं सुरू झाली, आणि १९७४ पर्यंत या कामातल्या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली. त्या पिढीचं शिक्षण कामातूनच झालं. समोर ऐंशी रकान्यांची पंचकार्डं, म्हणजे भोकं पाडून आकडे नोंदवलेली कार्डं, आणि शेजारी कोडबुक, म्हणजे कोणत्या आकड्याचा अर्थ काय ते सांगणारी वही. तेविसाव्या रकान्यात १ म्हणजे पुरुष, २ म्हणजे स्त्री, ९ म्हणजे उत्तर नाही. वयाच्या दोन रकान्यांत ९९ दिसलं, तर ते शंभरीला टेकलेल्या म्हाताऱ्याचं वय आहे की ‘सांगितलं नाही’ याची खूण आहे, हे कोडबुक उघडल्याशिवाय ठरत नसे. न उघडता सरासरी काढली की सगळं गाव म्हातारं व्हायचं. कोडबुक हरवलं तर डेटा असून नसल्यासारखा, हा धडा तेव्हाच्या डेटा ग्रंथपालांना कोणी कार्यशाळेत शिकवला नव्हता.

सूचीकरणाच्या नियमांनीही तेव्हा डेटाला जागा दिली होती. १९७८ च्या एएसीआर-२ या सूचीकरणाच्या नियमपुस्तकात नववं प्रकरण होतं ‘यंत्रवाच्य डेटा फाइली’, म्हणजे यंत्रानं वाचायच्या फाइली. १९८८ च्या सुधारित आवृत्तीत त्याचं नाव झालं ‘संगणक फाइली’, आणि २००१ च्या दुरुस्तीत ‘इलेक्ट्रॉनिक साधनं’. प्रकरण तेच, पण नावातून ‘डेटा’ गळाला. सीडी, डेटाबेस, ई-नियतकालिकं असा पूर आला होता, म्हणून हे घडणं साहजिक होतं. परिणाम मात्र असा झाला की ग्रंथालयात ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हणजे विकत घेऊन वाचकाला द्यायची वस्तू, असा अर्थ रूढ झाला. आपल्याच विद्यापीठातला संशोधक जे निर्माण करतो ते सांभाळायचं, ही गोष्ट त्या शब्दात मावत नव्हती. अपवाद होते. १९९२ पासून अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांनी भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, ग्रंथपालांना शिकवण्याचा संयुक्त उपक्रम चालवला. त्यात ग्रंथपाल स्वतः नकाशावर डेटा चढवायला शिकत. हा नमुना पुढे गिरवला गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असं मला नेहमी वाटतं.

२००० नंतर शब्द बदलू लागले. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘डिजिटल क्युरेशन’साठी, म्हणजे डिजिटल सामग्री नीट लावून जपण्यासाठी, राष्ट्रीय केंद्र निघालं, २००६ च्या सुमारास अमेरिकेत ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात ‘डेटा क्युरेशन’ची वेगळी शाखा दिसू लागली. २००८ च्या एका ब्रिटिश अहवालानं डेटाभोवतीच्या चार भूमिका वेगळ्या केल्या: डेटा निर्माण करणारा, डेटा वैज्ञानिक, डेटा व्यवस्थापक आणि डेटा ग्रंथपाल. शेवटच्या प्रकारातली माणसं तेव्हा त्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

मग २०११ आलं. अमेरिकेतल्या नियमाचा बोजा संशोधकावर होता, ब्रिटनमध्ये तो थेट संस्थेच्या डोक्यावर आला. अभियांत्रिकी आणि भौतिक विज्ञानांना निधी देणाऱ्या तिथल्या परिषदेनं नऊ अपेक्षांचं पत्र विद्यापीठांना पाठवलं. पूर्तता १ मे २०१५ पर्यंत. त्यातली दहा वर्षांची अट मासलेवाईक होती. डेटा किमान दहा वर्षं जपायचा, आणि बाहेरच्या कोणी तो मागितला असेल तर दहा वर्षं त्या शेवटच्या मागणीपासून मोजायची. म्हणजे नवव्या वर्षी कुणी एक मेल टाकला की घड्याळ पुन्हा शून्यावर. मागणीची नोंद ठेवायची, मुदत मोजायची, हे देवघेवीचं काम करून मुरलेल्या माणसाला लगेच कळतं. विद्यापीठांनी ग्रंथालयाकडे बोट दाखवलं यात नवल नव्हतं.

२०११ ते २०१३ या काळात प्रशिक्षणाची सामग्री भराभर तयार झाली: ब्रिटन, नेदरलँड्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाचा संच पुढे बराच वापरला गेला. मूळ ऑनलाइन धडे पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी होते. तेच विषय ग्रंथपालांनी आधी घरी वाचायचे, मग साधारण दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत एकत्र बसून बोलायचं. विषय पाच: आराखडा, फाइलींची मांडणी आणि नोंदी, साठवण आणि सुरक्षा, नैतिकता आणि हक्क, डेटा खुला करणं. प्रत्येकानं मध्यंतरी एका खऱ्या संशोधकाला गाठून त्याची मुलाखत घ्यायची. ही शेवटची अट सगळ्यात मोलाची होती, कारण त्या मुलाखतीत पुस्तकी विषय कोलमडायचा. ‘तुमचा मेटाडेटा (म्हणजे डेटाविषयीच्या नोंदी) कोणत्या मानकात आहे?’ या प्रश्नाला ‘म्हणजे काय?’ हे उत्तर मिळतं, आणि मग खरं संभाषण सुरू होतं.

पण पहिला विषय कोणता होता पाहा. जवळपास सर्वच अभ्यासक्रमांत आराखडा दाराशीच उभा होता. त्याच सुमारास प्रश्नोत्तरांतून आराखडा भरून देणारी वेबसाधनं आली, २०१० मध्ये ब्रिटिश आणि २०११ मध्ये अमेरिकन, आणि प्रशिक्षण सोपं झालं: साधन उघडा, रकाने समजावून सांगा. निधीवाल्यांची अंतिम तारीख गाठण्यापुरतं हे पुरेसं होतं. ग्रंथपाल आराखडे वाचायला आणि दुरुस्त करायला पटकन शिकले. डेटाची फाइल उघडून त्यात काय बिनसलंय ते सांगणं मात्र बहुतेकांच्या वाट्याला आलं नाही.

बिनसतं म्हणजे काय, याचं एक उदाहरण. ‘सेप्ट२’ हे एका जनुकाचं नाव. एक्सेलच्या खणात ते टंकलं की खणात दिसतं २ सप्टेंबर. ‘मार्च१’ या जनुकाचा होतो १ मार्च. ही खोड २००४ मध्येच लेखी नोंदवली गेली होती. २०१६ मध्ये तपासणी झाली, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं ती नावंच बदलली. आराखडा कितीही नेटका असला तरी यातली एकही चूक पकडली जात नाही, कारण आराखडा डेटा जन्मण्याआधी लिहितात. ही उणीव जाणवणाऱ्यांनी २०१५ मध्ये लंडनमध्ये ग्रंथालयवाल्यांसाठी वेगळे वर्ग काढले. तिथे आराखड्याचं नाव नव्हतं. कमांड लाइन (संगणकाला टंकून आज्ञा द्यायची पद्धत), मजकुरातले नमुने शोधायची चिन्हभाषा, गबाळ्या याद्या साफ करायची साधनं, अशा गोष्टी होत्या. ते वर्ग स्वयंसेवकांच्या जिवावर जगभर पसरले.

आता ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं, तो. प्रशिक्षण कोणाला द्यायचं? आहे त्या ग्रंथपालांना डेटा शिकवायचा, की डेटात वाढलेल्या संशोधकाला ग्रंथालय शिकवायचं?

दुसरा पर्याय अमेरिकेत २००४ पासूनच होता. नुकतीच पीएचडी झालेल्यांना ग्रंथालयांत पाठवणारी एक शिष्यवृत्ती योजना तेव्हा निघाली, आणि २०१२ पासून तिच्यात डेटा क्युरेशनसाठी खास जागा आल्या. ग्रंथालयशास्त्राची पदवी नसलेले लोक थेट व्यावसायिक पदांवर आलेले पाहून पदवीवाले बिथरले. २००६ मध्ये एका ज्येष्ठ ग्रंथालय संचालकांनी अशा लोकांसाठी जो इंग्रजी शब्द वापरला, त्याचा अर्थ माणसाळलेल्या वस्तीबाहेर, लांडग्यांत वाढलेले. त्यांचा सूर हेटाळणीचा नव्हता, या मंडळींना सामावून कसं घ्यायचं असा होता. शब्द मात्र चिकटला. काहींनी तो बिल्ल्यासारखा मिरवला, काहींच्या तो मनाला लागला.

युरोपात याच भांडणानं दुसरा शब्द घेतला: ‘डेटा स्ट्युअर्ड’. मराठीत याला कारभारी म्हणणं सगळ्यात जवळचं. इस्टेट दुसऱ्याची, हिशेब याच्याकडे, आणि काही कमी पडलं तर बोलणीही यालाच. २०१६ मध्ये युरोपीय आयोगानं नेमलेल्या तज्ज्ञगटानं पुढच्या दशकात असे पाच लाख डेटातज्ज्ञ लागतील असा अंदाज दिला. आकडा गाजला. तो कसा काढला यावर मात्र फारसं कोणी बोललं नाही. २०१७ पासून नेदरलँड्समधल्या एका तंत्रविद्यापीठानं विद्याशाखेगणिक एक कारभारी नेमायला घेतला. बहुतेकांची पीएचडी त्याच विषयातली, बसायची जागा विद्याशाखेत, समन्वय मात्र ग्रंथालयातून. हा नमुना पुढे अनेकांनी उचलला.

ग्रंथपालांची तक्रार अशी: पाच वर्षं आम्ही शिकलो, मुलाखती घेतल्या, आराखडे वाचले, आणि पगाराचं नवं पद निघालं तेव्हा जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पीएचडी’ लिहिलं. कारभारी म्हणतात, जनुकांची यादी पाहून सप्टेंबर ओळखायला जनुकशास्त्र लागतं. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे हे लपवत नाही. सप्टेंबर ओळखायला जनुकशास्त्र लागत नाही. जनुकांच्या रकान्यात तारीख कशी आली असं विचारण्याची सवय लागते, आणि पंचकार्डांच्या काळात ती सवय ग्रंथपालांना होती. ती नव्यानं लावायचं काम प्रशिक्षणाचं होतं, पण प्रशिक्षण आराखड्याच्या रकान्यांत अडकलं. याच काळात पदनामांचा गुंता इतका वाढला की डेटा ग्रंथपाल, डेटा क्युरेटर, डेटा व्यवस्थापक, डेटा स्ट्युअर्ड अशा चार पाट्यांखाली एकाच प्रकारचं काम करणारी चार माणसं सापडतात, आणि एकाच पाटीखाली चार वेगळी कामं. अभ्यासक्रम आखणाऱ्याला आधी विचारावं लागतं, तुमच्याकडे या पाटीचा अर्थ काय?

बाकीचं थोडक्यात. २०१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकी प्रशासनानं संशोधनावर वर्षाला दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च करणाऱ्या सर्व सरकारी खात्यांना प्रकाशनं आणि डेटा लोकांना उपलब्ध करण्याचं धोरण आखायला लावलं. २०१६ च्या मार्चमध्ये ‘फेअर’ तत्त्वं (डेटा सापडावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा) छापून आली आणि प्रशिक्षणाच्या प्रत्येक स्लाइडवर बसली. फेअर म्हणजे खुलं, हा गैरसमजही त्याच स्लाइडांवरून पसरला. २०१७ पासून युरोपच्या संशोधन कार्यक्रमात खुला डेटा सर्व विषयांसाठी गृहीत धरून चालायची गोष्ट झाली, सवलत हवी तर कारण सांगायचं.

२५ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधनाच्या मुख्य सरकारी निधीसंस्थेचा नवा नियम लागू झाला. तिचा २००३ चा जुना नियम वर्षाला पाच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक मागणाऱ्यांपुरता होता. नवा नियम वैज्ञानिक डेटा निर्माण करणाऱ्या सर्वांना. आराखड्याची शिफारस केलेली लांबी पुन्हा दोन पानंच. पण यात सहावा मुद्दा देखरेखीचा ठेवला: आराखडा पाळला जातोय की नाही हे संस्थेत कोण पाहणार आणि किती वेळा, पदनामासह लिहा. २०११ च्या वेळी आराखडा लिहायला मदत मागणारा प्राध्यापक आता या रकान्यापाशी थांबतो आणि ग्रंथालयाला विचारतो, इथे तुमचं नाव घालू का?