बीजाचे वय आणि विमानाचे तिकीट

मोपाच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत एखाद्या बाईच्या हातात बर्फाच्या पिशव्यांचा छोटा डबा आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिसली, तर त्यात इन्सुलिन असावे असेच आपल्याला वाटते. फोंड्याच्या माझ्या मावसबहिणीच्या डब्यात मात्र बीजांडकोशाला चालना देणारी इंजेक्शने होती. ती २ ते ८ अंश सेल्सियस तापमानातच राहायला हवी होती. तिचा नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला नोकरीला; त्याला रजा मिळेना, म्हणून आयव्हीएफचे, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याच्या उपचाराचे, पहिले काही दिवस गोव्यात आणि पुढचे उपचार तिथे, असे ठरले होते.

एरवी एका पाळीचक्रात साधारणपणे एकच बीज पक्व होते. या इंजेक्शनांनी दहा-बारा दिवसांत अनेक बीजे एकाच वेळी वाढवली जातात. मग पक्वतेचे शेवटचे इंजेक्शन दिल्यावर सुमारे ३४ ते ३६ तासांत ती बाहेर काढावी लागतात, कारण उशीर झाला तर ती शरीरातच सुटून हातची जातात. इथे रात्री नऊला घेतले जाणारे इंजेक्शन उन्हाळ्यात लिस्बनच्या घड्याळात दुपारी साडेचारचे होते. बहिणीने मोबाइलवर दोन्ही घड्याळे लावून ठेवली होती, आणि तिचा तो काटेकोरपणा अगदी योग्य होता.

ही धावपळ गोठवण्याच्या तंत्राने बरीच कमी केली आहे. भ्रूण अतिशीघ्र गोठवला, तर पेशींत बर्फाचे स्फटिक तयार होत नाहीत आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये तो वर्षानुवर्षे टिकू शकतो. आपल्याकडे बोटीवर काम करणारे कित्येकजण सहा ते नऊ महिने घरी नसतात. त्यांनी जाण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवले, तर घरी पत्नीचे उपचार खोळंबत नाहीत. ही सोय अनेक कुटुंबांना माहीतच नसते, याचे मला वाईट वाटते.

मात्र देश बदलला तरी बीजाचे वय बदलत नाही. स्त्रीची सारी बीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. त्यांतील गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिने दशकानुदशके झिजत जातात, म्हणून पस्तिशीनंतर गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचे प्रमाण वाढत जाते. स्वतःचेच बीज वापरायचे असेल, तर युरोपातील महागडी प्रयोगशाळाही ही झीज भरून काढू शकत नाही.

परदेशी जाण्याने खरोखर बदलतो तो कायदा. जर्मनीत १९९० च्या कायद्याने बीजदानाला बंदी आहे, त्यामुळे तिथल्या स्त्रिया दात्याच्या बीजासाठी स्पेनला जातात. स्पेनमध्ये दात्याचे नाव गुप्त राहते. ब्रिटनने मात्र २००५ पासून त्या मुलांना सज्ञान झाल्यावर दाता कोण हे जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. भारतात २०२१ च्या कायद्यानुसार उपचारांसाठी स्त्रीचे वय ५० पर्यंत आणि पुरुषाचे ५५ पर्यंत असावे लागते. बीजदाती २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच दान करावे आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे घेऊ नयेत, असेही बंधन आहे. दातीच्या शरीराचा असा विचार कायद्यात असणे मला फार मोलाचे वाटते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी आपली अडचण कायद्याची आहे, पैशांची आहे की वयाची, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावे. वयाचीच असेल, तर प्रवासाच्या तयारीत गेलेले महिनेही महागात पडतात.

परतल्यानंतरची काळजी तर इथल्याच डॉक्टरांवर येते. तिकडे गर्भाशयात दोन-तीन भ्रूण सोडले गेले आणि जुळे किंवा तिळे राहिले, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा धोका वाढतो. चालना दिलेले बीजांडकोश फार सुजले, तर पोटात पाणी साठते आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते; अशा वेळी लांबचा विमानप्रवास टाळावा लागतो.

माझ्या बहिणीने येताना इंग्रजीतला सविस्तर अहवाल मागून आणला: औषधांची नावे, काढलेली बीजे, सोडलेला एक भ्रूण, त्याचे वय पाच दिवस. इथल्या डॉक्टरीणबाईंनी पाळीची तारीख बाजूला ठेवली, भ्रूण सोडल्याच्या दिवसात २६१ दिवस मिळवले आणि प्रसूतीची तारीख फाइलवर लिहिली.