पॉवर अॅम्प्लिफायर: कार्यक्षमता आणि बँडविड्थच्या ओढाताणीची पार्श्वभूमी

रुंद बँडविड्थ (म्हणजे फ्रिक्वेन्सीचा रुंद पट्टा) आणि चांगली कार्यक्षमता (घेतलेल्या विजेपैकी सिग्नल म्हणून बाहेर पडणारा वाटा) एकाच आरएफ पॉवर अॅम्प्लिफायरकडून, म्हणजे रेडिओ सिग्नलला अँटेनाकडे जाण्याआधी ताकद देणाऱ्या भागाकडून, मिळत नाही, याचं खापर बहुतेक वेळा ट्रान्झिस्टरवर फुटतं. मागचा क्रम पाहिला तर निम्मा दोष तरी सिग्नलचं रूप ठरवणाऱ्यांच्या पदरात पडतो.

प्रश्न जुना आहे. एएम प्रसारणात कॅरियर या मूळ लहरीची उंची आवाजाप्रमाणे बदलतात (मॉड्युलेशन), आणि पूर्ण मॉड्युलेशनला शिखरावरची पॉवर नुसत्या कॅरियरच्या चौपट होते. म्हणजे ट्रान्समीटर बहुतांश वेळ शिखरापेक्षा ६ डेसिबल खाली, म्हणजे पाव पॉवरवर, चालतो आणि तिथेच वीज सर्वाधिक वाया जाते. १९३५-३६ मध्ये यावर दोन तोडगे आले. एक आउटफेझिंग (दोन अॅम्प्लिफायरच्या सिग्नलांमधला फेजचा फरक बदलून बेरीज), दुसरा डोहर्टी (शिखरांच्या वेळी दुसरा अॅम्प्लिफायर मदतीला). दोन्ही एका फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या केंद्रांसाठी होते, त्यामुळे बँडविड्थची फिकीर कुणाला नव्हती. त्याच काळात व्हॅक्यूम ट्यूबच्या नळ्या ओळीने जोडून अतिशय रुंद पट्टा देणारा डिस्ट्रिब्युटेड अॅम्प्लिफायरही आला. त्यात पट्टा मिळाला, पण कार्यक्षमता गेली.

पुढची काही दशकं सोडून द्यायला हरकत नाही. एफएम आणि नंतर जीएसएम (दुसऱ्या पिढीचे मोबाइल) यांनी अॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांना सुखात ठेवलं. जीएसएमच्या सिग्नलचं एन्व्हलप, म्हणजे लहरीची उंची, स्थिर असतं, त्यामुळे अॅम्प्लिफायर बिनधास्त सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे पूर्ण क्षमतेला टेकवून, चालवता येतो. शिवाय चॅनेल अवघा २०० किलोहर्ट्झचा.

तिसऱ्या पिढीत चॅनेल ५ मेगाहर्ट्झचा झाला, एन्व्हलप चढू-उतरू लागलं, आणि चौथ्या पिढीत ओएफडीएमने (एकाच वेळी अनेक अरुंद कॅरियरवर डेटा पाठवण्याची पद्धत) कळस गाठला. त्याची किंमत आकड्यांतच पाहावी. क्लास बी अॅम्प्लिफायर (ज्यात ट्रान्झिस्टर लहरीच्या अर्ध्या भागातच वीज वाहतो) पूर्ण पॉवरला आदर्श स्थितीत ७८.५ टक्के कार्यक्षमता देतो. ६ डेसिबल खाली तीच ३९ टक्के होते, १० डेसिबल खाली जेमतेम २५. ओएफडीएमची शिखरं सरासरीच्या बरीच वर जातात, म्हणून सरासरी पॉवर खाली ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं.

खरा वाद झाला तो चौथ्या पिढीच्या, म्हणजे एलटीईच्या अपलिंकवर (फोनकडून बेस स्टेशनकडे). डाउनलिंकला (उलट दिशेला) ओएफडीएम घ्यायला फारशी कुणाची हरकत नव्हती. बेस स्टेशनला वीज आणि थंडावा दोन्ही पुरवता येतं. फोनचं काय? एका बाजूचं म्हणणं होतं की दोन्ही दिशांना एकच पद्धत ठेवा, इक्वलायझेशन (वाटेत बिघडलेला सिग्नल सरळ करणं) सोपं जाईल आणि अनेक अँटेना वापरणंही. दुसऱ्या बाजूने बॅटरी आणि सेलच्या कडेची पोहोच पुढे केली. अखेर २००८ मध्ये पक्क्या झालेल्या एलटीईच्या पहिल्या मानकात, रिलीज ८ मध्ये, अपलिंकसाठी एससी-एफडीएमए हे ओएफडीएमचं एकाच कॅरियरसारखं वागणारं रूप घेतलं गेलं. त्याने शिखर-सरासरी गुणोत्तर साधारण २ ते ३ डेसिबलने उतरतं. फोनला परवानगीच मुळात २३ डीबीएमची (१ मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल), म्हणजे २०० मिलिवॉटची. तिथे २ डेसिबल ही चैन नव्हे. बेस स्टेशनच्या रिसीव्हरचं काम त्यामुळे वाढलं हे खरं, पण ते त्याला झेपणारं होतं. पाचव्या पिढीत मात्र ही शिस्त सैल झाली. २०१८ च्या रिलीज १५ मध्ये अपलिंकला ओएफडीएम आलं आणि जुनी पद्धत एकाच लेयरच्या (एकाच डेटाप्रवाहाच्या) प्रेषणापुरती, मुख्यतः पोहोच कमी पडते तिथल्यासाठी, मागे उरली. बिल पुन्हा अॅम्प्लिफायरच्या नावावर फाटलं.

दरम्यान बेस स्टेशनांत डोहर्टीचं पुनरुज्जीवन झालं होतं, सोबतीला डिजिटल प्रीडिस्टॉर्शन (अॅम्प्लिफायरची विकृती रद्द व्हावी म्हणून सिग्नल आधीच उलटा वाकवणं). पण डोहर्टीच्या पोटात पाव-तरंगलांबीची लाइन आहे. पूर्ण पॉवरला तिच्या दोन्ही टोकांना सारखाच इम्पिडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध) असतो, म्हणून फ्रिक्वेन्सी बदलली तरी फारसं बिघडत नाही. ६ डेसिबल खाली मात्र तिला १:४ रूपांतर करावं लागतं, आणि ते मध्य फ्रिक्वेन्सीपासून दूर गेलं की ढासळतं. गोम अशी की सिग्नल बहुतेक वेळ असतो नेमका तिथेच.

गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरने बराच दिलासा दिला. त्याच पॉवरसाठी एलडीमॉसपेक्षा (जुन्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरपेक्षा) आउटपुट कपॅसिटन्स कमी आणि ५० व्होल्टच्या आसपासचा पुरवठा चालतो, म्हणून लोड इम्पिडन्स जास्त आणि मॅचिंग (तो अँटेनाच्या इम्पिडन्सशी जुळवणं) सोपं. तरी बोडे-फानोची मर्यादा सुटत नाही. कपॅसिटन्स आहे तोवर पट्टा आणि मॅचिंगचा दर्जा यांत देवाणघेवाण आलीच. ३.३ ते ४.२ गिगाहर्ट्झचा बँड घेतला तर मध्य फ्रिक्वेन्सीच्या २४ टक्के रुंदी होते. म्हणून २०१६ मध्ये मांडलेल्या लोड-मॉड्युलेटेड बॅलन्स्ड अॅम्प्लिफायरकडे इतकं लक्ष गेलं. त्यात पाव-लाइनच्या इन्व्हर्टरऐवजी रुंद पट्ट्याचा क्वाड्रेचर कपलर (सिग्नल ९० अंशांच्या फरकाने विभागणारा-जोडणारा भाग) असतो, आणि त्याच्या एरवी रिकाम्या पोर्टमधून सोडलेला कंट्रोल सिग्नल लोड बदलतो.

फोनमधलं एन्व्हलप ट्रॅकिंग (सिग्नलच्या उंचीप्रमाणे अॅम्प्लिफायरचा व्होल्टेज बदलणं) २० मेगाहर्ट्झपर्यंत छान चाललं, पण १०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलसाठी अॅम्प्लिफायरचा पुरवठा तितक्या वेगाने हलवताना तो हलवणारा मॉड्युलेटरच वीज खाऊ लागतो. बेस स्टेशनचीही तीच गत आहे. प्रीडिस्टॉर्शनला सिग्नलच्या सुमारे पाचपट बँडविड्थ लागते, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या कॅरियरला ५००. ४० वॉटच्या एका अॅम्प्लिफायरमागे तो खर्च लपून जायचा. आता अँटेना पॅनेलमध्ये काही वॉटचे ६४ अॅम्प्लिफायर असतात आणि हिशेब प्रत्येकामागे लागतो.