एसबीआयआर : अमेरिकेची लघुउद्योग संशोधन योजना

अमेरिकेची केंद्रीय खाती बाहेरच्या संस्थांकडून जे संशोधन करून घेतात, त्या खर्चातला ठरावीक हिस्सा छोट्या खासगी कंपन्यांसाठी कायद्याने राखून ठेवणारी योजना. पूर्ण नाव ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च’. या क्षेत्रातली माणसे नुसते ‘एसबीआयआर’ किंवा त्याहून सैल ‘सिबर’ म्हणतात. या योजनेतून वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलर दिले जात आले आहेत आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या संरक्षण खात्याचा राहिला आहे. सरकार या पैशांच्या बदल्यात कंपनीत भागीदारी मागत नाही. काम फसले तरी पैसे परत करावे लागत नाहीत.

योजनेचे जनक म्हणून रोलंड टिबेट्स यांचे नाव घेतले जाते. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात अधिकारी असताना त्यांनी १९७७ साली छोट्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने पैसे देण्याचा प्रयोग सुरू केला. सिनेटर एडवर्ड केनेडी यांचे त्याला पाठबळ होते. प्रयोग जमला, तेव्हा तो सगळ्या मोठ्या खात्यांना लागू करण्याचे विधेयक आले आणि विद्यापीठांनी त्याला कडाडून विरोध केला. कारण उघड होते. या योजनेसाठी वेगळी तरतूद नसते. जे ते खाते आपल्याच संशोधनाच्या ताटातला घास काढून देते, आणि तो घास आपल्या वाट्याचा आहे असे विद्यापीठांना वाटत होते. तरीही २२ जुलै १९८२ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी कायद्यावर सही केली. बाहेरून करून घ्यायच्या संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या खात्यांवर तो बंधनकारक आहे. राखीव हिस्सा सुरुवातीला अवघा ०.२ टक्के होता, तो १.२५, मग २.५ आणि २०१७ पासून ३.२ टक्के झाला. विद्यापीठाबरोबर मिळून काम करणाऱ्या कंपन्यांसाठी १९९२ साली ‘एसटीटीआर’ ही जोडयोजना निघाली. विरोधकांनाही पंगतीत जागा मिळाली, असे म्हणायला हरकत नाही.

कामाची सुरुवात ‘टॉपिक’पासून होते. नौदलातला किंवा हवाई दलातला एखादा अभियंता आपली अडचण दोन-तीन पानांत मांडतो : अमुक तापमानाला टिकणारे लेपन हवे, पाण्याखालच्या अमुक गोंगाटातून आवाज वेगळा काढणारे सॉफ्टवेअर हवे. टॉपिकला क्रमांक मिळतो. नौदलाचा असेल तर आधी ‘एन’ अक्षर, मग वर्ष आणि फेरी. टॉपिक जाहीर झाल्यावर प्रस्ताव घेणे सुरू होईपर्यंत काही आठवडे जातात. तेवढ्या काळात कंपनीला टॉपिक लिहिणाऱ्या अभियंत्याला थेट फोन करता येतो. खिडकी उघडली की फोन बंद. त्यानंतर प्रश्न लेखी विचारायचे आणि उत्तर सगळ्यांनी वाचायचे. मुरलेले अर्जदार या फोनला प्रस्तावाइतकेच महत्त्व देतात. या माणसाला खरोखर काय हवे आहे आणि त्याच्यामागे खरेदीचा पैसा कोणाकडे आहे, हे छापील मजकुरात कुठेच लिहिलेले नसते.

पहिल्या टप्प्यात साधारण सहा महिन्यांत कल्पना चालेल की नाही एवढेच दाखवायचे. दुसऱ्यात सुमारे दोन वर्षांत नमुना उभा करायचा. रकमा खात्यागणिक बदलतात. १९८०च्या दशकात त्या अनुक्रमे ५० हजार आणि ५ लाख डॉलरच्या आसपास होत्या. आता बऱ्याच वाढल्या आहेत. कंपनी नफ्यासाठी चालणारी हवी, कामगार ५०० पर्यंतच हवेत आणि निम्म्याहून अधिक मालकी अमेरिकी नागरिकांची किंवा कायम रहिवाशांची हवी. शेवटची अट आपल्याकडून तिकडे गेलेल्यांना चांगलीच ठाऊक असते. एच-वन-बी व्हिसावरचा अभियंता अशा कंपनीत संशोधन करू शकतो, पण बहुसंख्य मालक म्हणून स्वतःची कंपनी घेऊन अर्ज करायचा तर ग्रीन कार्डची वाट पाहावी लागते. निर्यातनियंत्रणाखालच्या विषयांवर तर त्याला खास परवान्याशिवाय कामही करता येत नाही. कंपनीने तयार केलेली तांत्रिक माहिती सरकार वापरू शकते, पण प्रतिस्पर्ध्याच्या हाती देऊ शकत नाही. हे संरक्षण २०१९ पासून वीस वर्षांचे आहे.

तिसऱ्या टप्प्यासाठी योजनेत एक पैसाही नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. इथून पुढे पैसा खात्याच्या नेहमीच्या खरेदीतून किंवा बाजारातून यायला हवा. कायद्याने सवलत मोठी दिली आहे : आधीच्या टप्प्यातून निघालेले काम कोणतेही खाते फेरनिविदा न काढता थेट त्याच कंपनीला देऊ शकते, रकमेला मर्यादा नाही. पण सवलत म्हणजे ऑर्डर नव्हे. नमुना तयार असतो, प्रयोगशाळा खूश असते, आणि खरेदी करणारे कार्यालय मात्र दोन वर्षांपूर्वीच आखलेल्या अंदाजपत्रकाला बांधलेले असते. या खाईला तिकडे ‘मृत्यूची दरी’ म्हणतात.

दरी ओलांडल्याचे ठळक उदाहरण पाणबुड्यांचे. सोव्हिएत पाणबुड्या कमी आवाजाच्या होत गेल्या आणि आवाजावरून पाण्याखालचे लक्ष्य हुडकणारी अमेरिकी ‘सोनार’ यंत्रणा मागे पडू लागली. व्हर्जिनियातील डिजिटल सिस्टिम रिसोर्सेस या छोट्या कंपनीने एसबीआयआरच्या पैशातून अशी यंत्रणा बांधली की खास लष्करासाठी घडवलेल्या महागड्या संगणकांऐवजी बाजारात मिळणारे प्रोसेसर सोनारला जोडता येऊ लागले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत पाणबुड्यांवर बसू लागली आणि पुढे सॉफ्टवेअर दरवर्षी, यंत्रे दर दोन वर्षांनी बदलण्याचा शिरस्ता पडला. २००३ साली जनरल डायनॅमिक्स या बड्या कंपनीने ही छोटी कंपनी विकत घेतली. यशस्वी छोट्या कंपनीचा शेवट बहुधा असाच होतो.

काही शोध भलत्याच दिशेला गेले. क्षेपणास्त्रविरोधी संशोधनाच्या निधीतून ऑर्लँडोच्या ऑटोनॉमस टेक्नॉलॉजीज या कंपनीने हलत्या लक्ष्याचा लेसरने माग काढण्याचे तंत्र विकसित केले. ते उपयोगी पडले चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लॅसिक शस्त्रक्रियेत. रुग्णाने कितीही ठरवले तरी डोळा पूर्ण स्थिर राहत नाही. हे यंत्र त्याची जागा सेकंदाला ४,००० वेळा मोजून लेसरचा झोत त्याच्यामागे नेते. क्वालकॉम, आयरोबॉट, सिमँटेक यांच्याही सुरुवातीच्या काळात एसबीआयआरचा पैसा आहे.

टीकाकारांचा रोख वेगळ्याच कंपन्यांवर असतो. काही कंपन्या वर्षानुवर्षे डझनांनी प्रस्ताव जिंकतात, अहवाल वेळेवर देतात, आणि विकायला वस्तू मात्र क्वचितच काढतात. त्यांना ‘एसबीआयआर मिल’ म्हणतात, म्हणजे अनुदानाची गिरणी. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. लष्कराच्या कित्येक गरजांना मुळात बाजारच नसतो आणि नुसते उत्तर मिळणे हीच कधीकधी खरी वस्तू असते. तरी खासगी गुंतवणूक आणि विक्री या निकषांवर वारंवार जिंकणारे कमी पडतात, असे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासांत दिसले आहे. एकच काम दोन खात्यांना विकल्याचे खटलेही झाले आहेत.

अमेरिकी हवाई दलाने २०१८ पासून उलटा मार्ग धरला : आमची अडचण राहू द्या, तुमच्याकडे काय आहे ते दाखवा. मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या ‘पिच डे’त दोन दिवसांत ५१ कंपन्यांशी करार झाले. सादरीकरण संपताच सरकारी क्रेडिट कार्ड ओढून पहिला हप्ता दिला जात होता; सरासरी पंधरा मिनिटांत, आणि एकाला तर तीन मिनिटांत. एरवी हेच करार व्हायला महिने लागत.

योजना कायमस्वरूपी नाही. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, तिची मुदत वाढवत राहावे लागते. २०२२ साली तीन वर्षांची वाढ देताना चीनसारख्या देशांशी असलेल्या संबंधांची तपासणी सक्तीची झाली. पुढच्या वाढीवेळी, वारंवार जिंकणाऱ्यांना लगाम घालायचा की नाही यावरून सिनेटमध्ये तोडगा निघाला नाही आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी मुदत संपली.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली सुरू केलेल्या ‘एसबीआयआरआय’ योजनेने अमेरिकी नावच जवळजवळ जसेच्या तसे उचलले. संरक्षणात त्याच वळणाची ‘आयडेक्स’ योजना एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईजवळच्या डिफेन्स एक्स्पोत जाहीर झाली. लष्कर अडचण मांडते, मूळ योजनेत स्टार्टअपला १.५ कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मात्र इथे कंपनीनेही आपला वाटा घालायचा असतो, जो नियम एसबीआयआरमध्ये नाही. माणूस बसवून नेणारा ‘वरुण’ ड्रोन जुलै २०२२ मध्ये दिल्लीत पंतप्रधानांसमोर उडवून दाखवला, तो पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनिअरिंगचा. नौदलासाठी बनवलेला हा ड्रोन १३० किलो वजन उचलतो.